एकाच रात्रीच्या दोन भिंती

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यानं विचारलंय की गावातल्या तीन पोरांनी स्प्रेचे डबे आणून एका रात्रीत दोन ठिकाणी रंग मारला. बसथांब्याच्या निवाऱ्यावर त्यांनी लाल एसटी काढली, जवळपास खऱ्या मापाची, आणि तिच्या पाटीवर गावाचं नाव टाकलं. गावात खरी एसटी येणं बंद होऊन तीन वर्षं झाली आहेत. त्याच रात्री गावाबाहेरच्या हेमाडपंती देवळाच्या दगडावर तिघांनी आपापली टोपणनावं फवारली. आता अर्धं गाव म्हणतं पोरं कलाकार आहेत, अर्धं म्हणतं ठाण्यात द्या. याला कला म्हणायचं की नासधूस? सोबत सहा फोटो पाठवले आहेत.

मी 1989 पासून भिंती लिहितो. आम्ही पेंटर लोक ‘भिंत रंगवली’ म्हणत नाही, ‘लिहिली’ म्हणतो, मग तिच्यावर चित्र का असेना. सिमेंट, विडी, कपाशीचं बियाणं, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, झाडून सगळे पक्ष, 14 एप्रिलच्या आधी निळ्या अक्षरांत ‘जय भीम’, लग्नघराच्या दाराशी गणपती आणि दोन बाजूंना भालदार-चोपदार, असं सगळं लिहिलंय. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा तर गावंच्या गावं घोषवाक्यांनी भरली. पुढं फ्लेक्स आलं आणि आमचं निम्म्याहून जास्त काम गेलं. ‘येथे जाहिरात लावू नये’ ही पाटीसुद्धा मी पैसे घेऊन भिंतीवर लिहिलेली आहे, तेव्हा या प्रश्नात मी काही सोवळा नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एसटी ही कला आहे, आणि न विचारता केलेलं कामही आहे. देवळावरची नासधूस आहे, आणि तिथंसुद्धा पोरांचा हात चांगलाच आहे. तुमच्या गावात भांडण लागलंय ते ‘की’ या एका अक्षरामुळं. चित्र कसं आहे हा एक प्रश्न, भिंतीचं काय झालं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा सुटत नाही.

आधी हाताबद्दल बोलू, कारण त्यात मला मजा आली. तुमचा तिसरा फोटो मी मोबाइलवर बोटांनी मोठा करकरून पाहिला. स्प्रेचा डबा भिंतीजवळ धरला तर रेघ बारीक आणि करकरीत येते, पण हात जरा रेंगाळला की लगेच ओघळ. लांब धरला तर ओघळ येत नाही, मात्र कडा धुरकट होते. या पोरांनी बसच्या खिडक्या जवळून मारल्यात, टपावरची धूळ लांबून. खालच्या पट्ट्याला दोनच ओघळ दिसतात, ते पण कोपऱ्यात, हात वळताना सुटलेले. हे पहिल्यांदा डबा हातात घेणाऱ्याचं काम नाही. कुठंतरी पुठ्ठ्यांवर बरेच डबे संपवले असणार.

त्याहून मला गावाच्या नावाची अक्षरं आवडली. आम्ही नीळ लावलेली दोरी ताणून भिंतीवर सटका मारतो, आधी वरची रेघ पक्की करतो आणि मग अक्षरं तिला टांगतो. पोरांकडं दोरी नव्हती, अंधार होता. त्यांनी अक्षरं आधी फुगवून काढली आणि शिरोरेघ शेवटी एका दमात ओढली, डावीकडून उजवीकडं न थांबता. रेघ जराशी चढलीय, पण कुठं तुटलेली नाही. शहरात भिंतींवर जी फुगीर अक्षरं दिसतात ती इंग्रजीची, सुटी सुटी असतात. देवनागरी फुगवायची म्हणजे शिरोरेघेचं काय करायचं हा मोठा घोळ असतो. त्यांनी ती रेघ बसच्या टपाची कड म्हणूनच वापरून टाकली. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. चाकं मात्र चुकली आहेत, त्याबद्दल पुढं सांगतो.

आता भिंतीकडं येऊ.

1989 च्या नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक होती. मी उस्तादाच्या हाताखाली नवा होतो. रात्री सायकलवर चुन्याची बादली आणि गेरूचा डबा घेऊन निघायचं, दिसेल त्या भिंतीवर चिन्ह मारायचं आणि उजाडायच्या आत पुढचं गाव गाठायचं. घरमालकाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, भिंतीमागं मजुरी मिळायची. एका गावात मी एका म्हातारीच्या भिंतीवर हातभर मोठं चिन्ह मारलं. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं परत येताना तिनं सायकलचं हँडल धरलं. “माह्या भितीवर कोनाले इचारून लिवलं बे?” दिवाळीला तिनं ती भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली होती. माती नाल्याच्या काठावरून डोक्यावर आणलेली, दोन खेपा. तिनं मला दुपारभर थांबवून घेतलं आणि भिंत पुन्हा पोतारायला लावली. माती मात्र तिनंच कालवून दिली, कारण मला ती कालवताही येईना.

माझं चिन्ह सुबक होतं, त्याबद्दल आजही शंका नाही. पण त्याच्या खाली म्हातारीच्या दोन खेपा होत्या. तेव्हापासून भिंतीसमोर उभं राहिलो की मी आधी बघतो, इथं आत्ता काय आहे आणि ते कोणी केलंय. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेतही आता मालकाच्या परवानगीशिवाय भिंतीवर घोषणा लिहायची नाही असं स्पष्ट आहे. ते पाळलं जातं तेवढंच जातं.

तुमच्या निवाऱ्याच्या भिंतीवर आधी काय होतं, ते पहिल्या फोटोत कोपऱ्यात दिसतंय. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, सुटलेले पोपडे, आणि मूळव्याध-भगंदरावर हमखास इलाजाचे तीन कागद. हे कागद लावणाऱ्यावर कधी तक्रार झालीय का? वाढदिवसाचा फ्लेक्स खिळे ठोकून कडुनिंबाला लटकवणाऱ्यावर? निवारा सार्वजनिक पैशाचा आहे, म्हणून पोरांनी विचारायला हवं होतं, हे खरंच. पण त्या चित्रानं तिथलं काही हिरावलं नाही. तुम्हीच लिहिलंय की एक आजोबा म्हणाले, “एसटी त येत नाई, पाहाले त भेटली.” चित्राला याहून जास्त काय करता येतं? एसटी महामंडळाकडं तुमच्या ग्रामपंचायतीनं अर्ज किती दिले ते मला ठाऊक नाही, पण गावात बस येत नाही ही गोष्ट तालुक्यात माहीत झाली ती या भिंतीमुळं.

कायदा मात्र चित्र बघत नाही. महाराष्ट्रात 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. त्यात 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अक्षर सुबक असलं तर सूट, असं कलम त्यात नाही. ते बरंच आहे, कारण सुबक कशाला म्हणायचं हे हवालदारानं ठरवायला लागलं तर पंचाईत. देवळाची गोष्ट त्याहून गंभीर. देऊळ केंद्राच्या संरक्षित यादीत असेल तर 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागतो, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर तिथं 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे. यादीत आहे की नाही ते देवळाजवळच्या निळ्या पाटीवरून कळतं. पाटी नसेल तर तालुक्याला तहसील कार्यालयात विचारा. राज्य सरकारची संरक्षित यादी वेगळी असते.

आता परवानगी हाच सगळा खेळ आहे असं कोणी म्हणेल, तर त्यालाही माझ्याकडं एक गोष्ट आहे.

एका शाळेनं मला ‘बोलक्या भिंती’चं काम दिलं होतं. रीतसर ठराव, रीतसर बिल. व्हरांड्याच्या लांब भिंतीवर मी कापसाची गोष्ट काढली: सरकीपासून झाड, पाती, बोंड, वेचणी, जिनिंग, सूत, आणि शेवटी शाळेचाच गणवेश घातलेली मुलगी. अकरा दिवस लागले. वेचणीच्या चित्रातले हात मी सहावीतल्या एका पोरीला समोर बसवून काढले, कारण बोंडातून कापूस ओढताना अंगठा कसा वळतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. दीड वर्षानं मार्च महिन्यात त्या बाजूला गेलो तर दोन माणसं रोलर घेऊन सगळ्यावर क्रीम रंगाचं डिस्टेंपर फिरवत होती. मुख्याध्यापक म्हणाले, “भाऊ, फंड आला होता, मार्चच्या आत खर्च कराव लागते ना.” झालं. निविदा होती, बिल होतं, शिक्का होता. रागावून मी काही बोललो नाही, कारण पुढचं कामही तिथूनच मिळणार होतं. दोन पावसाळ्यांनंतर क्रीम रंगाची खपली निघाली आणि एक बोंड परत दिसायला लागलं, तेवढं मी मुद्दाम जाऊन बघून आलो.

न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागात फाइव्हपॉइंट्झ नावाची कारखान्याची जुनी इमारत होती. मालकाच्या संमतीनं तिथं वर्षानुवर्षं स्प्रेची चित्रं होत आली. 2013 च्या नोव्हेंबरात मालकानं एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फिरवला, इमारत पाडायची होती म्हणून. चित्रकार कोर्टात गेले आणि 2018 साली 21 जणांना मिळून 67 लाख 50 हजार डॉलरची भरपाई मंजूर झाली. भिंत मालकाची, तरी त्या रात्रीच्या पांढऱ्या रंगाला कोर्टानं नुकसान म्हटलं. आपल्याकडंही 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 आहे, कलाकाराला आपल्या कामाच्या मोडतोडीविरुद्ध दाद मागू देणारं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारनं काढून गोदामात टाकलं होतं. त्यावर 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल देऊन 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. म्हणजे परवानगीनं, शिक्क्यानिशी केलेलं कामही नासधूस असू शकतं. तुमच्या सभेत कोणी तावातावानं ‘उद्याच्या उद्या चुना मारून टाका’ म्हणालं तर हे सांगा. आमच्या तालुक्यात असल्या कज्ज्याला कोणी जाणार नाही ते सोडा, पण चुना मारण्याआधी मिनिटभर थांबायला काय हरकत आहे?

देवळाच्या बाबतीत मात्र माझ्याकडं दोन बाजू नाहीत.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर एका इंग्रज अधिकाऱ्यानं नाव कोरलंय: जॉन स्मिथ, 28 एप्रिल 1819. वाघाच्या शिकारीला आला होता आणि लेणी त्याच्या नजरेस पडली. मी बुलढाण्याच्या पाहुण्यांबरोबर गेलो तेव्हा गाइडनं टॉर्च मारून दाखवलं. नाव डोक्याच्याही वर आहे, कारण तेव्हा लेण्यात पाचेक फूट गाळ-माती साचलेली होती आणि तो तिच्यावर उभा होता. आज लोक ते नाव बघायला मान वर करतात. दोनशे वर्षांत ते इतिहास झालं, पण कला झालं नाही, आणि खालचं चित्र काही भरून आलं नाही. चिखलदऱ्याला गाविलगडावर जा, तिथं आपल्याच लोकांनी किल्लीनं, खिळ्यानं बदाम कोरलेत. त्या बदामांना कोणी कला म्हणत नाही. मग स्प्रेनं रंगीत लिहिलं म्हणून वेगळं कसं होतं?

नाव लिहायची ओढ मला कळते. न्यूयॉर्कमध्ये 1971 साली ज्याच्यावर पेपरात बातमी आली आणि ज्याच्यामुळं हे लोण पसरलं असं म्हणतात, तो पोरगाही नुसतं ‘टाकी 183’ एवढंच लिहायचा. टाकी त्याचं लाडाचं नाव आणि 183 त्याच्या रस्त्याचा नंबर. (आपल्याकडं टाकी म्हणजे दगड घडवायचं हत्यार. त्यानं मार्कर वापरला, हे त्या मानानं बरं.) ज्याचं नाव कुठल्याच पाटीवर येणार नाही, तो भिंतीवर लिहितो. आमच्याकडं ‘जय विदर्भ’ही असंच मैलाच्या दगडांवर आलं. पण ज्या पाथरवटांनी ते देऊळ चुना न वापरता दगडात दगड अडकवून सातेकशे वर्षांपूर्वी उभं केलं, त्यांचं एकाचंही नाव तिथं नाही. त्यांच्या कामावर आपलं टोपणनाव मारायला फार निगरगट्ट व्हावं लागतं, किंवा अजिबात विचार केलेला नसावा लागतो. पोरं सतरा-अठराची आहेत, तेव्हा मी दुसरं धरतो.

तुमच्या गावातल्या मास्तरांचा मुद्दा असा की आदिमानवानं गुहेत चित्रं काढली तेव्हा कोणाला विचारलं होतं? मुद्दा चांगला आहे. मोर्शीच्या वरच्या अंगाला, सीमेपलीकडं बैतूल जिल्ह्यात धारूळजवळ, सातपुड्यात अशी चित्रं आहेत. अमरावतीच्याच निसर्गप्रेमी मंडळींनी ती 2007 साली शोधली. पण त्या माणसांनी स्वतः राहायच्या आडोशाला चित्रं काढली. नागपंचमीला आपल्या दाराशी नाग काढणारी बाई किंवा लग्नात हळदीचा पंजा उमटवणारी करवली त्यांच्या रांगेत बसते. रात्री दुसऱ्याच्या भिंतीवर जाणारा नाही बसत. त्यानं वेगळी रांग धरलीय, त्यात धोका आहे आणि मजाही त्या धोक्याचीच आहे. ती मजा घ्यायची असेल तर सकाळी म्हातारी हँडल धरणार, हेही त्यातच आलं.

आता करायचं काय, ते सांगतो.

देवळाला आज कोणी हात लावू नका. सगळ्यात मोठी भीती मला स्प्रेची नाही, गावातल्या उत्साही मंडळींची आहे. कोणीतरी तारेचा ब्रश आणेल, कोणी ॲसिड आणेल, कोणी म्हणेल वरून काळा ऑइल पेंट मारून टाकू. आपल्याकडच्या काळ्या दगडात बारीक बारीक भोकं असतात. थिनर ओतून घासलं तर रंग पातळ होऊन आणखी आत जातो आणि बोटभर अक्षराचा हातभर डाग होतो. तारेचा ब्रश दगडावर ओरखडे पाडतो, शिवाय त्याची तुटलेली तार भोकात राहून गंजते आणि पुढं तांबडा डाग येतो तो वेगळाच. ॲसिडचं नावच काढू नका. जाणकार लोक द्रावणात भिजवलेल्या माती किंवा कागदाच्या लगद्याचा लेप लावून रंग हळूहळू ओढून घेतात, आणि आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं करून बघतात. ते पुरातत्त्व खात्याच्या माणसांचं काम आहे. तारखेसह फोटो काढा, ग्रामपंचायतीच्या कागदावर पत्र द्या, पोच घ्या. पत्रात पोरांची नावं द्यायची की नाही? मी देईन. त्यांच्या आयांना माझा राग येईल, पण मी देईन, आणि त्याच पत्रात हेही लिहीन की तिघं आपणहून पुढं आले आहेत आणि साफसफाईच्या मजुरीला तयार आहेत. त्याआधी अर्थात त्यांना खरोखर पुढं यायला लावा. देवळावरून खडे बोल आणि एसटीवर टाळ्या, असं दोन्ही एकाच सभेत एकाच दिवशी ऐकू द्या त्यांना.

एसटी ठेवा. ग्रामसभेत ठराव करून ठेवा, म्हणजे उद्या कोणा साहेबाच्या दौऱ्याआधी रोलर फिरणार नाही. उलट बाजूनं ठराव झाला आणि पुसायचीच ठरली, तर थेट डिस्टेंपर मारू नका. स्प्रेचा लाल रंग पाण्याच्या रंगातून वर येतो. तीन हात मारले तरी आठवड्यानं गुलाबी एसटी भुतासारखी दिसायला लागेल. आधी ऑइल प्रायमरचा एक हात, तो पुरा वाळल्यावर वरचा रंग.

ठेवायची असेल तरी ती अशी टिकणार नाही. भिंत पश्चिमेची आहे. आपल्या उन्हात पारा 45 च्या वर जातो आणि सगळ्यात आधी लालच उडतो. दोन उन्हाळ्यांत बस विटकरी होईल. खालचा गिलावा सुटलेला आहे, त्यामुळं रंगाच्या आधी भिंतच पोपड्यानं गळेल. दसऱ्यानंतर पाऊस सरला की सुटलेला भाग ठोकून काढा, गिलावा करून घ्या आणि तेवढा भाग पोरांकडूनच पुन्हा लिहून घ्या. या वेळी दिवसा, डोक्याला रुमाल बांधून, सगळ्यांच्या देखत. स्प्रेऐवजी बाहेरच्या भिंतीचा रंग आणि ब्रश द्या, थोडे कुरकुरतील.

डिसेंबरात मला दिग्रसच्या बाजूला एका लग्नाच्या भिंती आहेत, तेव्हा एक दिवस तुमच्याकडं येईन. मजुरी नको. मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान आलंय आणि फार मागं सरकलंय, त्यामुळं बस चढावर असल्यासारखी वाटते. एसटीचं मागचं चाक शेवटच्या टोकाशी नसतं, त्याच्या मागं बराच डबा लोंबतो. मागच्या बाकावर बसून खड्ड्यात आपटलेल्या माणसाला ते माहीत असतं. या पोरांना गावातून एसटीत बसून किती दिवस झाले असतील, बघा. सुतळी, खिळा आणि खडू तयार ठेवा, गोल मी आखून देतो.